पाऊल आणि पायरी

इंग्रजीतील ‘स्टेप’ हा शब्द मराठीत आणू पाहणाऱ्यासमोर पहिल्याच क्षणी दोन वाटा फुटतात. माणूस चालताना टाकतो ते पाऊल आणि दगडाची घडवून बसवलेली असते ती पायरी. इंग्रजी भाषा या दोहोंसाठी एकच शब्द वापरते आणि संदर्भावर भिस्त ठेवते. मराठीने मात्र हालचाल आणि वस्तू, चालणारा आणि ज्यावरून चालायचे ते, यांना वेगळी नावे दिली. हा केवळ कोशकारांच्या सोयीचा भाग आहे असे आम्हांला वाटत नाही. या दोन शब्दांमधील अंतरात आपल्या सामाजिक इतिहासाचा एक मोठा तुकडा दडलेला आहे आणि त्याचे काही धागे खानदेशात सापडतात.

शब्दाकडे ऐतिहासिक कागदाप्रमाणे पाहण्याची दृष्टी ज्यांनी मराठीला दिली, त्या इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचा देह ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच पडला. पुढच्याच वर्षी तेथे त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ जमवण्यासाठी गावोगाव फिरणारे राजवाडे आणि धातू व व्युत्पत्ती यांत बुडालेले राजवाडे ही दोन वेगळी माणसे नव्हेत. दप्तरातील रुमाल सोडताना जी शंका विचारायची तीच शब्दाला विचारायची: तू कोठून आलास आणि वाटेत तुझे काय झाले?

ही शंका ‘पाऊल’ या शब्दाला विचारली, तर त्याचे गोत संस्कृतातील पद-पाद यांच्याशी जुळते. या कुळाचा विस्तार चकित करणारा आहे. पद म्हणजे पाऊल, पद म्हणजे शब्द, पद म्हणजे गाण्याची रचना आणि पद म्हणजे अधिकाराची जागाही. गणिती परंपरेत तर वर्गमूळालाही पद म्हणत. येथे चाळीसगावजवळच्या पाटण्याची आठवण होणे अपरिहार्य आहे. ‘लीलावती’कार भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने तेथे मठ स्थापला. शके ११२८ चा उल्लेख असलेला तेथील शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. वंशाची थोरवी संस्कृतात सांगणारा हा लेख मठाला मिळावयाच्या उत्पन्नाची नोंद करताना मराठीवर येतो. व्यवहार आला की भाषा जमिनीवर उतरते, असाच याचा अर्थ.

पद या शब्दाचा प्रवास मात्र उलट दिशेने झालेला दिसतो. जमिनीवर टेकणारे पाऊल हळूहळू जागा झाले, जागेचा मान झाला, मानाचा अधिकार झाला. ‘पदवी’ आणि ‘पदाधिकारी’ या शब्दांत चालण्याचा मागमूसही उरलेला नाही. ‘पायरी’चेही असेच झाले. ‘पायरी ओळखून वागावे’ असे जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा दगड मनात नसतो. कोणी कोठे थांबायचे हे मनात असते. चढण्यासाठी घडवलेली वस्तू अडवण्याचे साधन कशी झाली, हे या एका वाक्प्रचारात नोंदले गेले आहे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण पंढरपूरचे. मुक्ताईनगरजवळच्या कोथळीहून मुक्ताबाईंची पालखी दर आषाढीला तापीकाठ सोडून निघते आणि महिनाभराची वाट तुडवत चंद्रभागेला पोचते. अमळनेरच्या सखाराम महाराजांच्या परंपरेतील वारकरीही हीच ओढ घेऊन जातात. वारीत पाऊल सर्वांचे. तेथे चालण्यास कोणाला बंदी नव्हती. पण वाट जेथे संपते तेथे पायरी होती. महाद्वारी नामदेवांची पायरी आहे आणि तिच्यासमोर, बाहेरच्या बाजूस, चोखोबांची समाधी. पहिलीवर संतांचे पाय लागावेत म्हणून नामदेवांनी ती जागा मागितली, असे परंपरा सांगते. दुसरी, ज्याला ती ओलांडू दिली गेली नाही त्याची. एकाने आपण होऊन पत्करलेली पायरी आणि दुसऱ्यावर लादलेली पायरी अशा समोरासमोर आहेत. चोखोबांनी वाटेवरची सगळी पावले टाकली आणि एक पायरी तेवढी राहिली. इंग्रजीत हे वाक्य लिहू गेल्यास दोन्हीकडे एकच शब्द येईल आणि सारे दुःख त्या एका शब्दात विरून जाईल.

ही राहिलेली पायरी ओलांडली जावी म्हणून हट्ट धरला तो खानदेशाला आपलेसे करणाऱ्या एका शिक्षकाने. साने गुरुजी मूळचे कोकणातले, पण त्यांची कर्मभूमी अमळनेर. तेथील प्रताप हायस्कुलात त्यांनी शिकवले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर दिलेली प्रवचने त्यांनीच टिपून घेतली. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले, त्याच्या तयारीसाठीही ते राबले. मे १९४७ मध्ये विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून त्यांनी पंढरपुरात उपोषण आरंभले. त्याआधी या प्रश्नासाठी त्यांनी महाराष्ट्रभर दौरा केला होता. सारा महाराष्ट्र हिंडून आलेला हा माणूस अखेरीस एका जागी बसला आणि त्या बसण्याने शतकांची पायरी हलली. प्रवेशाचा मार्ग मोकळा झाला.

या पार्श्वभूमीवर आजच्या लेखी मराठीतील ‘पाऊल’ पाहिले म्हणजे मन खिन्न होते. ‘योग्य ती पावले उचलली जातील’ हे वाक्य इंग्रजी कारभाराच्या छायेत वाढले. पाऊल उचलणे म्हणजे पूर्वी झपाट्याने चालू लागणे. आता त्याचा अर्थ उपाय योजणे, बहुधा योजण्याचे आश्वासन देणे. कर्मणी प्रयोगामुळे कर्ता आधीच नाहीसा झालेला असतो. उचललेले पाऊल टेकले कोठे, हे तर कोणी विचारतही नाही.

शब्दांचे अर्थ बदलू नयेत असा आमचा आग्रह नाही. ते बदलणारच. पण साहित्याच्या अभ्यासकाने दोन प्रश्न सोडू नयेत. कोणत्याही मजकुरात ‘पाऊल’ भेटले की विचारावे, हे कोणाचे? आणि ‘पायरी’ भेटली की विचारावे, ही चढण्यासाठी आहे की थांबवण्यासाठी? मराठीने हे दोन शब्द वेगळे राखले, म्हणूनच आपल्याला हे प्रश्न विचारता येतात.