झिजणारा साचा

स्पिटफायर म्हटले की तोफा-बंदुकांनी सज्ज विमान डोळ्यांपुढे येते. पण १९४३ सालच्या १७ मे रोजी जर्मनीतील फुटलेल्या म्योने धरणाची छायाचित्रे टिपली, ती बिनबंदुकीच्या निळ्या स्पिटफायरने. जपानच्या तामिया कंपनीने २००९ साली १/३२ मापाच्या स्पिटफायरचा जोडणी-संच काढला, तो मात्र लढाऊ नमुन्याचा. पोलादी साचा महाग. प्रत्येक उपप्रकारासाठी नवा कोण घडवणार? ती उणीव छोटे कारागीर भरून काढतात. हाताने घडवलेल्या नमुन्यावर सिलिकॉन रबर ओतून साचा करायचा, मग त्यात रेझिन ओतायचे. नाकाखालचा असा फुगीर भाग बसवला, की लढवय्या टेहळ्या होऊ लागतो. काही डझन ओतींत रबर झिजते. मज इतिहासाच्या मास्तराला त्याचेच अप्रूप! पाठ्यपुस्तके पोलादी साच्याची. त्यांतून गळलेले असेच कुणी हौशी जपतात.