डब्यात गेलेल्या मालिका

गेल्या शनिवारी कपाट आवरायला काढलं. (खरं म्हणजे बायकोने काढायला लावलं.) वरच्या खणातून बुटांची दोन खोकी निघाली, दोन्ही डीव्हीडींनी गच्च भरलेली. "या लावायला घरात एक तरी मशीन आहे का?" असा रास्त प्रश्न आला. नव्हतं. लॅपटॉपला ड्राइव्ह असायचे दिवस गेले आणि जुना प्लेअर दोन दिवाळ्यांपूर्वीच भंगारात गेला होता.

मग मुकाट्याने निवड सुरू केली. सिनेमे टाकले. सॉफ्टवेअरच्या जुन्या सीडी टाकल्या. एक चार डिस्कचा सेट मात्र हातातून सुटेना: 'फायरफ्लाय'. तो का सुटेना याचा विचार करता करता रविवार गेला, म्हणून हा लेख.

२००५ मध्ये मी न्यू जर्सीत ऑनसाइट होतो. बाहेर बर्फ, खिशात बेतास बात पैसे आणि गाडी नाही. रूममेटने एका शुक्रवारी रात्री हा सेट लावला. अंतराळातली गोष्ट, पण लोक काउबॉयसारखे. गुरं, बंदुका, मोडकं जहाज आणि नऊ जणांचं एक विचित्र कुटुंब. रविवारी संध्याकाळी चौदावा भाग संपला. मी म्हटलं, "पुढचा सीझन आण." तो म्हणाला, "नाहीये. एवढंच आहे."

आपल्याकडे सिनेमा रखडला की 'डब्यात गेला' म्हणतात. ही मालिकाही तशीच डब्यात गेली होती. फरक इतकाच की तो डबा दुकानात विकायला होता!

झालं होतं असं. जॉस व्हेडनची ही मालिका अमेरिकेत फॉक्स चॅनलवर २० सप्टेंबर २००२ ला सुरू झाली. वार शुक्रवार, म्हणजे तरुण प्रेक्षक घराबाहेर असण्याची रात्र. ओळख करून देणारा दोन तासांचा पहिला भाग चॅनलला आवडला नाही, म्हणून त्यांनी दुसऱ्यापासून सुरुवात केली. पात्रं कोण, जहाजावर का आली, काही पत्ता नाही. पुढचे भागही क्रम सोडून दाखवले. आणि तो मूळ पहिला भाग दाखवला २० डिसेंबरला, सगळ्यात शेवटी, मालिका रद्द झाल्यावर! चौदापैकी अकरा भाग दाखवून झाले होते. उरलेले तीन अमेरिकेतल्या प्रेक्षकांनी पहिल्यांदा पाहिले ते डीव्हीडीवरच.

आता आकडे बघा. (आकड्यांशिवाय मला चैन पडत नाही, सवयीचा दोष.) 'फायरफ्लाय'ला सरासरी सुमारे ४७ लाख प्रेक्षक होते आणि त्या वर्षीच्या क्रमवारीत ती ९८वी होती. म्हणजे नापास. ९ डिसेंबर २००३ ला डीव्हीडी सेट आला आणि सप्टेंबर २००५ पर्यंत त्याचे सुमारे ५ लाख सेट खपले. म्हणजे घवघवीत यश. ४७ लाख लोक म्हणजे अपयश आणि ५ लाख म्हणजे यश, हे गणित मला बरेच दिवस पचत नव्हतं.

मग ट्यूब पेटली. टीव्हीच्या धंद्यात प्रेक्षक हा गिऱ्हाईक नसतोच, तो माल असतो. गिऱ्हाईक म्हणजे जाहिरातदार. त्याला मोजायचं असतं ते इतकंच, की अमुक रात्री अमुक वाजता किती डोळे पडद्यासमोर होते. त्यातला एखादा माणूस ती गोष्ट जन्मभर विसरणार नाही आणि दुसरा समोर डुलक्या काढतोय, हा फरक त्या मोजणीत दिसतच नाही. डीव्हीडीच्या दुकानात मात्र ५० डॉलर काउंटरवर ठेवणारा माणूस स्वतःच गिऱ्हाईक असतो. डुलक्या काढणारा ५० डॉलर देत नाही. पहिलं मोजमाप रुंदीचं, दुसरं खोलीचं. मालिका तीच, फक्त मोजपट्टी बदलली.

ही दुसरी मोजपट्टी आली कुठून? व्हिडिओ कॅसेटच्या काळात मालिका विकणं अवघडच होतं. बऱ्याचदा एका कॅसेटवर एक-दोन भाग. पूर्ण सीझन घ्यायचा तर कपाटाचा अख्खा कप्पा जायचा आणि पाकीटही रिकामं व्हायचं. १९९७ मध्ये अमेरिकेत डीव्हीडी आली. दोन थरांच्या एका डिस्कवर साडेआठ जीबी, म्हणजे मालिकेचे तीन-चार भाग आरामात. २००० मध्ये 'एक्स-फाइल्स'चा पहिला अख्खा सीझन एका सेटमध्ये आला. किंमत दीडशे डॉलरच्या आसपास आणि तरीही लोकांनी तो घेतला. स्टुडिओंच्या लक्षात आलं, की गोदामात धूळ खात पडलेला माल म्हणजे पैसा आहे. त्या मालात यशस्वी मालिका होत्या, तशाच अर्ध्यात मान मोडलेल्याही होत्या. उलट अर्ध्यात मेलेली मालिका सेटसाठी जास्त सोयीची: दहा-पंधरा भाग, एक डबा, विषय संपला.

'पोलिस स्क्वॉड!' हे माझं लाडकं उदाहरण. एबीसी चॅनल, १९८२, लेस्ली नील्सन, भाग फक्त सहा! चार दाखवून मालिका बंद केली आणि उरलेले दोन उन्हाळ्यात उरकले. ती का चालली नाही याचं एबीसीच्या एका बड्या अधिकाऱ्याने दिलेलं कारण टीव्हीच्या इतिहासात अजरामर झालं आहे: ही मालिका समजायला ती लक्ष देऊन बघावी लागते! ऐकायला विनोदी वाटतं, पण तो खरं तेच बोलत होता. भागाचं नाव पडद्यावर एक लिहिलेलं असतं आणि निवेदक भलतंच वाचतो. शेवटी चित्र 'थिजल्या'चं सोंग असतं: नट नुसते पुतळ्यासारखे उभे आणि मागे कोणीतरी हालतंच आहे. भाजी चिरता चिरता बघितलं तर हे निसटणारच. कॅसेटवर मात्र मागे नेऊन पुन्हा बघता येतं, थांबवता येतं. १९८८ मध्ये याच मंडळींनी त्यातून 'द नेकेड गन' हा सिनेमा काढला आणि तो तुफान चालला. मूळचे सहा भाग २००६ मध्ये एका डीव्हीडीवर आले. सहाही भाग एका दुपारी बघून होतात.

पण डब्यात घालून विकणं वाटतं तितकं सोपं नसतं. त्यासाठी 'फ्रीक्स अँड गीक्स'ची गोष्ट सांगायला हवी. १९८०-८१ सालची मिशिगनमधली शाळा आणि तिथली बावळट, लाजाळू, कुठेच न बसणारी मुलं. पॉल फीगची कल्पना, जुड अपाटाव निर्माता. सप्टेंबर १९९९ मध्ये एनबीसीवर सुरू झाली, तीही शनिवारी रात्री. अठरापैकी बारा भाग दाखवून मार्च २००० मध्ये रद्द. सेथ रोगन, जेम्स फ्रँको, जेसन सीगल ही पुढे नाव काढलेली मंडळी त्यात पोरसवदा दिसतात.

डीव्हीडी आली ती थेट एप्रिल २००४ मध्ये. चार वर्षं का लागली? गाण्यांमुळे. काळ उभा करायचा म्हणून जागोजागी त्या वर्षांतली रॉक गाणी वापरली होती: द हू, व्हॅन हेलन, स्टिक्स. टीव्हीवर दाखवण्याची परवानगी वेगळी आणि घरी विकण्याची वेगळी. दुसरी घ्यायची तर प्रत्येक गाण्यामागे पुन्हा वाटाघाटी, पुन्हा पैसे. स्वस्तातला उपाय म्हणजे मूळ गाणं काढून तिथे कुठलंही बेनाम संगीत चिकटवायचं. 'डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी' या रेडिओ स्टेशनवरच्या मालिकेचं २००७ मध्ये तेच झालं आणि चाहते खवळले. (रेडिओ स्टेशनची मालिका आणि त्यातली गाणीच गायब, म्हणजे पुरणाशिवाय पुरणपोळी.) 'फ्रीक्स अँड गीक्स' काढली ती शाउट फॅक्टरी नावाच्या छोट्या कंपनीने. तिचे संस्थापक आधी रायनो रेकॉर्ड्समध्ये जुन्या गाण्यांचेच संच काढायचे. त्यामुळे गाण्यांच्या हक्कांची गुंतागुंत त्यांना पाठ होती. त्यांनी सगळी मूळ गाणी ठेवून सेट काढला. चाहत्यांसाठी शाळेच्या वार्षिक अंकासारखी बांधलेली आठ डिस्कची खास आवृत्तीही काढली.

इथे थोडं स्वतःबद्दल. त्याच २००५ च्या उन्हाळ्यात आमचं प्रॉडक्ट बंद झालं. चौदा महिने आम्ही सहा जण त्यावर काम करत होतो. एका सोमवारी मीटिंग झाली, वीस मिनिटांत सगळं संपलं आणि मंगळवारी मी दुसऱ्या प्रोजेक्टवर होतो. कोड कुठल्या तरी सर्व्हरवर राहिला असेल, नसेलही. चांगलं काम होतं हो! पण ते मी कुणाला दाखवू शकत नाही. मुलगी विचारते, "बाबा, तुम्ही तिकडे काय बनवलं?" आणि माझ्याकडे दाखवायला काहीच नसतं. 'फायरफ्लाय'चा डबा मी विकत घेतला तो त्याच आठवड्यात. रद्द झालेलं काम, पण सगळे भाग बनवणाऱ्याने ठरवलेल्या क्रमाने लावलेले, न दाखवलेले तीनही आत. थोडा हेवा वाटला होता, हे आता कबूल करायला हरकत नाही.

कोणी म्हणेल, डब्याने मालिका वाचते थोडीच? बरोबर. 'फॅमिली गाय' वाचली: २००२ मध्ये रद्द, २००३ मध्ये डीव्हीडी धडाधड खपली, रात्रीच्या पुनःप्रक्षेपणांनाही गर्दी झाली आणि २००५ मध्ये चॅनलने ती परत आणली. पण तो अपवाद. 'फायरफ्लाय'वरून युनिव्हर्सलने सप्टेंबर २००५ मध्ये 'सेरेनिटी' हा सिनेमा काढला. खर्च सुमारे ३.९ कोटी डॉलर आणि जगभरची कमाई जेमतेम तितकीच. पाच लाख वेडे लोक डब्याला पुरतात, सिनेमाला पुरत नाहीत. पुढचा सिनेमा आला नाही. पण डबा राहिला. २००७ मध्ये स्टीव्हन स्वॉन्सन हा अंतराळवीर 'फायरफ्लाय' आणि 'सेरेनिटी'च्या डीव्हीडी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर घेऊन गेला आणि तिथेच ठेवून आला.

मग स्ट्रीमिंग आलं आणि आपल्याला वाटलं, आता डबे कशाला, सगळं कायमचं तिथेच असणार. मलाही तसंच वाटलं होतं. 'विलो' ही आठ भागांची मालिका डिस्ने प्लसवर नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू झाली आणि जानेवारी २०२३ मध्ये संपली. मे २०२३ मध्ये ती इतर बऱ्याच मालिका-सिनेमांबरोबर तिथून काढून टाकण्यात आली. शेवटचा भाग आल्यापासून पाच महिनेसुद्धा झाले नव्हते. अशी साफसफाई करून कंपनीने हिशेबात सुमारे १५० कोटी डॉलर वजा दाखवले. जाहिरातदाराच्या डोळेमोजणीच्या जागी आता कंपनीची सभासदमोजणी आली, पण खोली मोजायची सोय याही पट्टीत नाही. आणि काढून टाकली तेव्हा 'विलो'चा डबा कुठल्याच दुकानात नव्हता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नेटफ्लिक्सने टपालाने डीव्हीडी पाठवणंही बंद केलं.

हे दुःख काही अमेरिकेपुरतं नाही. आई मुंबई दूरदर्शनवरच्या 'चिमणराव आणि गुंड्याभाऊ'बद्दल बोलते तेव्हा दिलीप प्रभावळकरांचा आवाज काढून दाखवते. माझ्यासाठी ती मालिका म्हणजे आईने काढलेला तो आवाज, तेवढीच.

असो. डबा टाकला नाही. बाराशे रुपयांचा बाहेरून जोडायचा ड्राइव्ह मागवला, तो गुरुवारी आला. तुमच्यापैकी जुन्या लोकांना आठवत असेल, डीव्हीडीला रीजन असायचा: अमेरिका १, भारत ५. ड्राइव्हला आयुष्यात फक्त पाच वेळा रीजन बदलता येतो, मग तो कायमचा अडकतो. पाचातला एक बदल अमेरिकेला दिला. चारही डिस्क एकेक करून हार्ड डिस्कवर उतरवल्या. तिसरी मध्येच अडखळली. चष्म्याच्या फडक्याने पुसून पुन्हा घातली तेव्हा चालली. वीस वर्षांची झाली आहे, किती दिवस टिकेल सांगता येत नाही.

शुक्रवारी रात्री मुलगी शेजारी येऊन बसली. "हे काय आहे?" म्हटलं, "बंद पडलेली मालिका." "मग कशाला बघायची?" मी पहिला भाग लावला. फॉक्सने शेवटी दाखवला होता, तो. दीड तासाने तिने विचारलं, "पुढचा लावा ना." अजून तेरा आहेत. त्यानंतर काय सांगायचं ते तेव्हा बघू :)