पस्तिसाव्या वर्षी निवृत्ती : वयाविरुद्धच्या न्यायालयीन लढ्याचा धागा

पस्तिशीत माणसाला नोकरीतून निवृत्त करता येते का? १९८१ पर्यंत एअर इंडियाच्या हवाई सुंदरींना तसे करता येत होते आणि नियमपुस्तकात ते स्पष्ट लिहिलेले होते. ही हकीकत मुंबईची असली तरी तिचे एक मूळ साताऱ्यात सापडते, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांचा जन्म १६ मार्च १९०१ रोजी साताऱ्यात, संस्कृत विद्येची परंपरा असलेल्या घराण्यात झाला. सातारा हायस्कूल, धारवाडचे कर्नाटक कॉलेज, पुण्याचे डेक्कन कॉलेज असा त्यांच्या शिक्षणाचा प्रवास. १९४५ साली ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले, १९५६ साली सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६४ साली भारताचे सरन्यायाधीश झाले. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत एवढीच माहिती दिलेली असते. स्वतंत्र भारताचा कामगार कायदा घडवणाऱ्या निकालांपैकी कितीतरी त्यांच्या लेखणीतून उतरले, हे मात्र सहसा सांगितले जात नाही.

त्यांतला एक निकाल १९५९ चा, हावड्याच्या गेस्ट कीन विल्यम्स या कारखान्याविषयीचा. कंपनीने स्थायी आदेश प्रमाणित करून घेतले आणि निवृत्तीचे वय पंचावन्न ठरवले. आधीपासून कामावर असलेल्या कामगारांचा प्रश्न साधा होता : आम्ही रुजू झालो तेव्हा अशी अट नव्हती, मग आता ती आमच्या माथी का? गजेंद्रगडकरांनी निवृत्तीच्या वयाला मालकाच्या मर्जीचा विषय मानले नाही. कामाचे स्वरूप कोणते, वेतन किती, निवृत्तीनंतर हाती काय पडते, हवामान कसे आहे, त्याच भागातील तशाच उद्योगांत काय चालते, हे सारे तपासूनच वय ठरवावे, असे त्यांनी मांडले. जुन्या कामगारांसाठी साठ वर्षे ही मर्यादा ठरली.

हवामानाचा उल्लेख आज चमत्कारिक वाटेल. पण भट्टीसमोर उभे राहून वीस वर्षे काढलेल्या माणसाचे पंचावन्न आणि पंख्याखाली खतावणी लिहिणाऱ्याचे पंचावन्न एक नसते, हे त्या एका शब्दात मान्य झालेले आहे.

त्या काळात मुंबई परिसरातील औद्योगिक न्यायाधिकरणांचा कलही साठाकडे झुकू लागला होता. पुढे महाराष्ट्रातील आदर्श स्थायी आदेशांत, वेगळा करार किंवा निवाडा नसेल तर निवृत्तीचे वय साठ, असे कलम आले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातील माळरानावर उभी केलेली किर्लोस्करवाडी आज सांगली जिल्ह्यात आहे. तिथल्यासारख्या कारखान्यांतील कामगारांच्या दृष्टीने हा साठीचा आकडा म्हणजे पाच वर्षांची जादा कमाई होती. मुलीचे लग्न, घराचे छप्पर, धाकट्याचे शिक्षण, बहुधा याच पाच वर्षांत उरकायचे असते.

आता मुंबईकडे वळू.

एअर इंडियाचा नियम ४६ असे सांगत होता : हवाई सुंदरी पस्तिसाव्या वर्षी निवृत्त होईल, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केले तर तेव्हा, किंवा पहिल्या गरोदरपणी, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा. नियम ४७ नुसार व्यवस्थापकीय संचालकाला वाटल्यास एकेक वर्षाची मुदतवाढ मिळे, तीही फार तर पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत. त्याच विमानात काम करणारा पुरुष फ्लाइट पर्सर अठ्ठावन्नपर्यंत नोकरीत राही. दरवर्षी आपली नोकरी एका अधिकाऱ्याच्या सहीवर टांगलेली असणे म्हणजे काय, याची कल्पना वाचकांनी करून पाहावी.

नर्गेश मिर्झा आणि त्यांच्या सहकारी मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात वर्ग झाले आणि २८ ऑगस्ट १९८१ रोजी न्या. फझल अली यांनी निकाल दिला.

समाजमाध्यमांवर हा निकाल ‘स्त्रियांचा विजय’ म्हणून फिरतो. तो पुरता वाचला तर चित्र बरेच संमिश्र दिसते. गरोदरपणाची अट न्यायालयाने अत्यंत कठोर शब्दांत रद्द केली. संचालकाचा अमर्याद अधिकारही काढून घेतला. प्रकृती ठीक असेल तर पंचेचाळीसपर्यंत मुदतवाढ द्यावीच लागेल, असे ठरवले. प्रवाशांच्या आवडीसाठी तरुण मुली शोभेच्या वस्तूंसारख्या ठेवाव्यात हा विचारही न्यायालयाने फेटाळला आणि अनुभवी, वयाने मोठ्या स्त्रिया प्रवाशांची काळजी अधिक चांगली घेऊ शकतात, असे म्हटले. पण चार वर्षे लग्न न करण्याची अट कायम राहिली, आणि त्यासाठी कुटुंबनियोजनाचे कारणही दिले गेले! पर्सर अठ्ठावन्नला आणि हवाई सुंदरी पंचेचाळिसाला, हा फरकही टिकला. दोघांचे संवर्ग वेगळे, भरतीच्या अटी वेगळ्या, म्हणून तुलनाच नको, असा तो युक्तिवाद. माझ्या मते या निकालातील सर्वांत दुबळा भाग हाच आहे, कारण ते संवर्ग मुळात लिंग पाहूनच वेगळे केलेले होते. आणि लग्नाच्या अटीबाबत तर आधीचा दाखला हाताशी होता : १९६५ मध्ये, गजेंद्रगडकर सरन्यायाधीश असतानाच, मुंबईच्या एका औषधकंपनीतील लग्न होताच स्त्री कामगाराला काढण्याचा नियम सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला होता.

या साऱ्यात ‘वय’ नेमके कुठे बसते? संविधानाचे कलम १५ धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान यांवरून भेदभाव करण्यास मनाई करते. त्या यादीत वय नाही. अमेरिकेने १९६७ मध्ये चाळिशीपुढील नोकरदारांना संरक्षण देणारा खास कायदा केला. आपल्याकडे सर्वसाधारण असा कायदा झाला नाही. म्हणून आपल्या इतिहासात वयाची लढाई नेहमी दुसऱ्या दारातून लढली गेली : कलम १४ ची समानता, स्थायी आदेश, औद्योगिक विवाद, किंवा महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यातील अनुचित कामगार प्रथा. साताऱ्याच्या अभ्यासिकेत अडतिसाव्या वर्षाकडे धास्तीने पाहणाऱ्या एमपीएससीच्या उमेदवाराला हे दार किती अरुंद आहे ते ठाऊक असते. भरतीची वयोमर्यादा न्यायालये बहुधा शासनाच्या धोरणाचा भाग मानतात.

एअर इंडियातील लढा १९८१ ला संपला नाही. १९८९ मध्ये केंद्र सरकारच्या आदेशाने हवाई सुंदरींना अठ्ठावन्नपर्यंत नोकरी मिळाली, पण पन्नाशीनंतर त्यांना उड्डाणावरून उतरवून जमिनीवरील काम दिले जाई. पुरुष मात्र उडत राहत. २००१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा भेदभाव ठरवला. दोन वर्षांनी, जुलै २००३ मध्ये, यशस्विनी मर्चंट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. त्यासाठी ज्या निकालाचा आधार घेतला गेला, तो नर्गेश मिर्झांचाच होता.