शाळेची धास्ती आणि चित्रपुस्तके

प्रथमच शाळेत जाणाऱ्या बालकाला भीती वाटते ती बहुधा अभ्यासाची नव्हे, तर आई-वडिलांचा हात सुटण्याची. ही भीती हाच विषय मानणाऱ्या चित्रपुस्तकांचा एक स्वतंत्र प्रवाह अमेरिकी बालसाहित्यात निर्माण झाला आहे.

ऑड्री पेन यांचे 'द किसिंग हँड' हे पुस्तक १९९३ मध्ये प्रकाशित झाले. प्रकाशक होती 'चाइल्ड वेल्फेअर लीग ऑफ अमेरिका' ही बालकल्याण क्षेत्रातील संस्था. चेस्टर हे रकून या निशाचर प्राण्याचे पिल्लू. त्यामुळे त्याची शाळाही रात्रीचीच. शाळेला जाण्यास तो तयार नसतो. आई त्याच्या तळहाताचा मुका घेते आणि एकटे वाटल्यास तो हात गालाला लावावयास सांगते. शेवटी चेस्टरही आईच्या तळहाताचा मुका घेतो. विरहाचे दुःख आईलाही असते, हे लेखिकेने लपविलेले नाही. ही युक्ती घरी सहज करता येण्याजोगी आहे, हे या पुस्तकाचे खरे बळ होय.

केविन हेंक्स यांच्या 'वेम्बर्ली वरीड' (२०००) मधील उंदराच्या पिलाला लहानमोठ्या सर्वच गोष्टींची चिंता वाटते. काळजी करू नकोस, असे घरातील सर्वजण सांगतात. त्याचा उपयोग मात्र होत नाही. वर्गात तिच्यासारखीच बाहुली कवटाळून बसलेली मैत्रीण भेटते, तेव्हा कोठे मन हलके होते. पालकांनी हे पुस्तक स्वतःसाठीही वाचावे.

ज्युली डॅनेबर्ग यांच्या 'फर्स्ट डे जिटर्स' (२०००) मध्ये पांघरुणात दडून बसणारी व्यक्ती कोण, हे अखेरच्या पानापर्यंत कळत नाही. ते येथे सांगणे योग्य नव्हे.

अक्षरओळख नसलेले मूल चित्रांतील चेहरे वाचते. म्हणूनच अशी पुस्तके शाळा सुरू होण्याच्या काही दिवस आधीपासून, पुन्हा पुन्हा वाचून दाखवावीत. आदल्या रात्री घाईने उघडलेले पुस्तक उलट धास्ती वाढवू शकते.

भारतात राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पहिलीच्या मुलांसाठी तीन महिन्यांचा, खेळावर आधारित 'विद्या प्रवेश' कार्यक्रम २०२१ मध्ये सुरू झाला. महाराष्ट्राबाहेरील मराठी कुटुंबांत घरची भाषा एक आणि शाळेची दुसरी, अशी अधिकची अडचण असते. 'प्रथम बुक्स'च्या 'स्टोरीवीव्हर' या २०१५ मध्ये सुरू झालेल्या संकेतस्थळावर मराठीसह अनेक भारतीय भाषांतील चित्रकथा विनामूल्य उपलब्ध आहेत.