मोठ्या ओळींची निर्यात : मेमरीची मर्यादा

डेटाबेसमधील टेबल फाइलमध्ये उतरवताना, म्हणजेच डंप घेताना, एखादी ओळ मेमरीत न मावल्याने काम अडणे. अडचण ओळींच्या संख्येची नसते. कोट्यवधी बारीक ओळी एकामागून एक निघून जातात. एकच ओळ अवाढव्य निघाली की सगळे थांबते. निर्यातीची बहुतेक साधने ओळ तुकड्यातुकड्याने लिहीत नाहीत, पूर्ण मेमरीत घेऊनच पुढे पाठवतात.

मुळशी धरणाचा जलाशय घ्या. सह्याद्रीच्या घड्यांत शिरत गेलेली त्याची किनाररेषा पोस्टग्रेसमध्ये एका ओळीत 1,00,000 बिंदूंनी नोंदवली, तर बिंदूला 16 बाइट याप्रमाणे सुमारे 16 लाख बाइट लागतात. डंपमध्ये त्याच्या दुप्पट. हे सहज पार पडते. पण त्याच ओळीच्या बायनरी कॉलममध्ये जलाशयाचे 600 एमबीचे उपग्रहचित्र ठेवले, तर ते साठते आणि निघत मात्र नाही. डंप साध्या मजकुराचा असतो, त्यात प्रत्येक बाइट दोन हेक्स अक्षरांनी लिहिला जातो आणि 600 चे 1,200 एमबी होतात. पोस्टग्रेस एका वेळी 1 जीबीपेक्षा मोठा मेमरीचा तुकडा देत नाही. सर्व्हरला रॅम वाढवून उपयोग नाही, कारण ही मर्यादा प्रोग्रॅममध्येच लिहिलेली आहे. यात खरा धोका बॅकअपला आहे: पोस्टग्रेसचे डंप घेणारा पीजी-डंप त्या ओळीपाशी चूक दाखवून थांबतो आणि पुढच्या टेबलांचा डेटा फाइलमध्ये येतच नाही.

मायएसक्यूएलमध्ये लाँगब्लॉब कॉलम 4 जीबीपर्यंतचा, पण एका पॅकेटची कमाल मर्यादा 1 जीबीच. डंप घेताना ‘क्विक’ पर्यायाने ओळी एकेक करून येतात, तरी ती एक ओळ मावायलाच हवी.

कर्सर लावून थोड्या थोड्या ओळी मागवल्या तर क्लायंटची मेमरी वाचते. अवाढव्य ओळीवर तो इलाज नाही. तिथे सबस्ट्रिंगने तुकडे काढावे लागतात. चित्र डिस्कवर ठेवून टेबलात फक्त फाइलचा पत्ता लिहिणे हा सर्वांत भरवशाचा मार्ग. पोस्टग्रेसच्या ‘लार्ज ऑब्जेक्ट’मध्येही अडत नाही, कारण तिथे डेटा 2 केबीच्या तुकड्यांतच साठतो.

डेटाबेस सांभाळणाऱ्यांनी बायनरी कॉलमवर अधूनमधून ‘ऑक्टेट लेंग्थ’ चालवून सर्वांत मोठी ओळ शोधावी. हे फंक्शन पोस्टग्रेसमध्ये आतला डेटा न वाचताच आकार सांगते, आणि 500 एमबीच्या पुढचा आकार दिसला तर ती ओळ डंपच्या आधीच हलवावी.