अंगणातले गॅरेज

आपल्याकडे इतिहास लिहिला जातो तो राजांचा, लढायांचा आणि चळवळींचा. कारखान्यांचा इतिहास लिहिला गेलाच, तर तो संस्थापकांच्या चरित्रातून. वस्तू विकत घेतल्यावर तिचे पुढे काय झाले, ती कोणी आणि कशी टिकवली, हा भाग बहुधा कोणी लिहीत नाही. मोटारगाडीचे उदाहरण घ्या. ती कधी आली आणि कोणी आणली हे ग्रंथांत सापडते. पण मध्यमवर्गीय माणसाने तीच एक छोटी गाडी वीस-पंचवीस वर्षे, तुटपुंज्या पगारात, स्वतःच्या हाताने चालती कशी ठेवली, याची नोंद कुठे नाही. ही विद्या आता संपत आली आहे. संपण्यापूर्वी तिचा थोडा हिशेब मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू.

सुरुवात आपल्याच गावापासून करायला हरकत नाही. गुर्लहोसूरला जन्मलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. बेळगावात त्यांच्या उद्योगाचा आरंभ १८८८ साली झाला तो सायकलच्या दुकानाने. सायकली विकायच्या, त्या चालवायला शिकवायच्या आणि बिघडल्या की दुरुस्त करायच्या. पुढे लोखंडी नांगर आले आणि १९१० मध्ये कारखाना कुंडल रोडला, म्हणजे आजच्या किर्लोस्करवाडीला गेला. दुसऱ्याने बनवलेली वस्तू उघडून पाहणाऱ्यालाच पुढे स्वतःची वस्तू बनवण्याचे धाडस होते, हा या घटनेचा अर्थ. कोल्हापूरचे उद्यमनगर काय किंवा बेळगावची उद्यमबाग काय, आमच्या भागातल्या ओतकामाला आणि लेथकामाला दुरुस्तीची ही जुनी बैठक आहे.

टंचाईची पाळेमुळे

घरगुती मोटारदुरुस्ती ही हौसेतून जन्मली नाही, टंचाईतून जन्मली. ही टंचाई कशी आली हे पाहिले पाहिजे.

१९२८ पासून जनरल मोटर्सने मुंबईत परदेशी सुटे भाग जोडून गाड्या बनवायला सुरुवात केली होती. फोर्डही त्याच मार्गाने आले. देशी उद्योग उभा राहिला तो पुढे. बिर्लांची हिंदुस्तान मोटर्स १९४२ मध्ये निघाली आणि सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. मद्रासची स्टँडर्ड ही तिसरी. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशींवरून सरकारने धोरण ठरवले की, जे टप्प्याटप्प्याने सुटे भाग येथेच बनवतील त्यांनीच राहावे, नुसती जोडणी करणाऱ्यांनी जावे. जनरल मोटर्स व फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. हेतू स्वावलंबनाचा होता आणि तो काही अंशी साधलाही. पण बाजारात उरल्या त्या तीनच गाड्या: अँबॅसिडर, फियाट आणि १९६१ पासून स्टँडर्ड हेरल्ड.

स्वस्त लोकमोटार हवी, ही मागणी जुनीच. १९६० च्या सुमारास एल. के. झा समितीने तशी शिफारसही केली. आमच्या शेजारच्या इचलकरंजीत शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९ च्या सुमारासच 'मीरा' नावाची दोन माणसांची छोटी गाडी स्वतः बनवली होती. हवेने थंड होणारे इंजिन तिच्या मागच्या बाजूला होते. पुढे अनेक वर्षे ते त्यात सुधारणा करत राहिले. ती गाडी कारखान्यातून बाजारात कधीच आली नाही. लोक फियाटसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहत राहिले. नवी गाडी मिळत नसेल तर जुनी टिकवणे भाग होते. हाच अंगणातल्या गॅरेजचा पाया.

एकच गाडी, तीन पिढ्या

या टंचाईला एक विचित्र लाभ जोडलेला होता. फियाट ११०० कुर्ल्याच्या कारखान्यात १९५४ पासून जोडली जाऊ लागली. १९६४ मध्ये 'डिलाइट' आली आणि सत्तरच्या दशकात तिचेच नाव 'प्रीमियर पद्मिनी' झाले. इटलीत हा नमुना १९६६ मध्ये मागे पडला. आपल्याकडे तो २००० च्या सुमारापर्यंत निघत राहिला. १०८९ घनसेंटिमीटरचे ते चार सिलिंडरचे इंजिन तीन पिढ्यांनी पाहिले. परिणाम असा की, वडिलांनी शिकलेली दुरुस्ती मुलाच्या उपयोगी पडे आणि एका गाडीचा भाग दुसऱ्या गाडीला बसे. ज्ञान शिळे होत नव्हते. आज ज्या वेगाने नमुने बदलतात त्यात ही गोष्ट अशक्य आहे.

दुसरे म्हणजे बॉनेट उघडले की इंजिनाच्या दोन्ही बाजूंना हात घालायला जागा असे. हेरल्डचे तर मडगार्डसकट अख्खे तोंड पुढे कलंडे. पुढच्या चाकावर बसून माणूस निवांत काम करू शके. हत्यारेही थोडी: पान्यांचा संच, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर, प्लग काढायचा पाना, जॅक आणि पातळ पात्यांचे फीलर गेज. त्यातही एक गंमत होती. अँबॅसिडर मूळची इंग्रज, तिचे नट इंचाच्या मापाचे. फियाट इटालियन, तिचे मिलिमीटरचे. १९५६ मध्ये देशाने मेट्रिक पद्धतीचा कायदा केला, पण ज्याच्या घरी दोन्ही गाड्या होऊन गेल्या त्याच्या पेटीत दोन्ही मापे सुखाने नांदत. दशमान पद्धती वर्गात शिकवताना हे उदाहरण मी अनेकदा दिले आहे.

रविवारचे काम

प्रत्यक्षात घरी काय केले जाई? सर्वांत पहिले काम पॉइंटचे. डिस्ट्रिब्युटरच्या टोपणाखाली दोन छोटे संपर्कबिंदू असत. ते उघडले की कॉइलमधला प्रवाह तुटे आणि प्लगला ठिणगी मिळे. चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक फेऱ्याला दोन ठिणग्या लागतात. म्हणजे मिनिटाला तीन हजार फेरे झाले तर ते बिंदू सहा हजार वेळा उघडझाप करणार. ते झिजणारच, काजळणारच. बारीक पॉलिश पेपरने ते घासायचे आणि मधले अंतर मिलिमीटरच्या साधारण चार-पाच दशांशांवर आणायचे. घासूनही पॉइंट पुन्हा लवकर जळू लागले तर दोष बहुधा काँडेन्सरचा. काही रुपयांच्या या भागाने अनेकांना भर रस्त्यात उभे केले आहे.

त्यानंतर प्लग. काढलेला प्लग म्हणजे इंजिनाची जीभच. तांबूस-राखाडी असेल तर सारे ठीक, कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे आणि तेलकट काळा असेल तर पिस्टनच्या रिंगा संपत आल्या आहेत. डॉक्टरने जीभ पाहावी तसे जाणते लोक प्लग पाहत. कार्बोरेटरचे जेट काढून हवेने साफ करायचे. तार मात्र घालायची नाही, कारण भोक मोठे झाले की पेट्रोल पिणे वाढले. बॅटरीच्या टोकांवरची पांढरी बुरशी गरम पाणी नि सोडा घालून धुवायची आणि वर व्हॅसलिन लावायचे. हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, दांड्याला विळखा घालायचा नाही. इंजिनाने उलटा हिसका दिला तर मनगट मोडे. हे सांगायला कोणते पुस्तक नव्हते, थोरल्यांनी धाकट्यांना सांगायचे असे.

आमच्या प्रदेशाने या विद्येत स्वतःची भर घातली. सावंतवाडीहून आंबोली चढताना उन्हाळ्यात गाडी अचानक बंद पडे. पेट्रोल असे, ठिणगी असे, तरी इंजिन घेत नसे. कारण सोपे होते. इंजिनाच्या उष्णतेने पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ होई, आणि पंप वाफ पुढे ढकलू शकत नसे. पंपावर ओले फडके टाकायचे, दहा-पंधरा मिनिटे घाट बघत थांबायचे, की गाडी मुकाट्याने चालू लागे. पावसाळ्यातले दुखणे उलटे. डिस्ट्रिब्युटरच्या टोपणात ओल शिरे, म्हणून कोरडे फडके प्रत्येक गाडीत असेच. रेडिएटर ठिबकू लागला तर हळद, आणि टाकी गळू लागली तर धुण्याच्या साबणाचा तुकडा चोळून बसवायचा. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, म्हणून घर गाठेपर्यंत तो टिकतो. हळदीचे मात्र तारतम्य हवे. ती भोक बुजवते तशा रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजवते. उपाय आणि इलाज यांतला हा फरक जाणणाऱ्यालाच मेस्त्री मान देत.

गोव्याचा अध्याय निराळा. १९६१ पूर्वी तेथे युरोपीय गाड्या मोकळेपणी येत. मुक्तीनंतर भारतातले आयातीचे निर्बंध लागू झाले आणि त्या गाड्यांना सुटे भाग मिळेनासे झाले. तरी कित्येक गाड्या पुढे वर्षानुवर्षे रस्त्यावर होत्या. लेथवर भाग कातून, दुसऱ्या गाडीचा भाग घासून बसवून मेस्त्र्यांनी त्या जगवल्या.

मेस्त्री आणि मालक

घरी सारेच होत असे, असे मात्र कोणी समजू नये. इंजिन उतरवणे, सिलिंडर बोअर करणे, क्रँकशाफ्ट घासून घेणे ही कामे मेस्त्रीचीच. पण मालकाला स्वतः थोडे येत असल्याने दोघांचा संवाद बरोबरीचा असे. कोणता भाग बदलायचा आणि कोणता अजून वर्षभर चालेल, हे दोघे मिळून ठरवत. गॅरेजची भाषाही अशीच मिळून झालेली होती: मराठी क्रियापदे, कानडी हाका, उर्दू शिव्या आणि इंग्रजी नामे. डायनॅमोचा 'डायनमा' आणि कार्बोरेटरचा 'कारबोटर' झाला, पण काम अडले नाही.

एक दोष नोंदवायलाच हवा. ही विद्या घरातल्या पुरुषांनी आपल्यापुरती ठेवली. आईने कंदील धरायचा, बहिणीने पाणी आणून द्यायचे, आणि पाना मात्र मुलाच्या हाती. शिलाई मशीनचे टेन्शन अचूक लावणाऱ्या आणि स्टोव्हचा वायसर बदलणाऱ्या बायकांना पॉइंटचे अंतर अवघड गेले असते, असे मला वाटत नाही.

झाकण बंद झाले

१४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली आणि युग पालटले. ७९६ घनसेंटिमीटरचे तीन सिलिंडरचे इंजिन, पुढच्या चाकांना मिळणारी ताकद, हलके अंग. ती वारंवार बिघडत नसे, हेच तिचे मोठेपण. तरीही सुरुवातीच्या मारुतीला कार्बोरेटर होता, प्लग हाताला लागत होते, आणि जुने हात तिच्यावरही चालले. खरा बदल त्यानंतरचा. १९९५ पासून महानगरांत शिसेविरहित पेट्रोल आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले, २००० मध्ये शिसे देशभर बंद झाले, धुराचे नियम कडक झाले आणि कार्बोरेटर जाऊन संगणकाच्या हुकमाने पेट्रोल फवारणारी यंत्रणा आली. हवेसाठी हे चांगलेच झाले. जुने दिवस आठवताना शिशाचा धूर विसरून चालणार नाही. पण बॉनेट उघडून पाहणाऱ्याला आता दिसते ते प्लास्टिकचे आवरण. दोष काय हे सांगणारे यंत्रच विकत घ्यावे लागते. आणि मालक प्रेक्षक झाला.

येथे प्रश्न नुसत्या आठवणींचा राहत नाही, तो हक्काचा होतो. एका ग्राहकाच्या २०११ च्या तक्रारीवरून चौकशी होऊन ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपये दंड ठोठावला. अस्सल सुटे भाग आणि दुरुस्तीची तांत्रिक माहिती त्या खुल्या बाजारात मिळू देत नाहीत, हा ठपका होता. पुढे अपिले झाली, पण मुद्दा नोंदला गेला. २०२२ मध्ये केंद्र सरकारने 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली आणि तिच्या विषयांत मोटारीही घेतल्या.

दुसरीकडे जुन्या गाडीवरचा भार वाढतो आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, मग तपासणी करून नूतनीकरण. १ एप्रिल २०२२ पासून या नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर गेले. धूर ओकणारी, ब्रेक न लागणारी गाडी रस्त्यावर नको, हे कोणीही मान्य करील. परंतु निगा राखलेली जुनी गाडी आणि हेळसांड झालेली जुनी गाडी यांत फरक करायचा तो तपासणीने, वयाने नव्हे. नवी गाडी बनवायलाही लोखंड, वीज आणि पाणी लागतेच.

आजही घरी करण्यासारखे पुष्कळ उरले आहे. तेल व फिल्टर बदलणे, हवेची जाळी झाडणे, प्लग पाहणे, बॅटरीची टोके साफ ठेवणे, पट्ट्याच्या भेगा तपासणे, पावसाळ्यापूर्वी गंज खरवडून रंग लावणे. मर्यादाही सांगतो: नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधी शिरू नये, खाली भक्कम आधार द्यावा. जुन्या ब्रेक-लायनरची धूळ तोंडाने फुंकू नये, त्यात ॲस्बेस्टॉस असू शकते. पेट्रोलच्या टाकीला घरी डाग देऊ नये. ब्रेकच्या कामात शंका आली की मेस्त्रीकडे जावे.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी निरोप घेऊन गेली. वर्तमानपत्रांनी तिचे मृत्युलेख लिहिले. गाडी जाणारच होती, प्रत्येक यंत्राला अंत असतो. पण तिच्याबरोबर, आपल्या वापरातली वस्तू आपल्याला समजली पाहिजे हा आग्रहही गेला तर नुकसान मोठे आहे. आमच्या शाळांतून कार्यानुभवाचा तास वेळापत्रकात आहे आणि बहुतेक ठिकाणी तो गणिताला दिला जातो. त्या तासाला एक जुने इंजिन, पान्यांचा एक संच आणि एखादा निवृत्त मेस्त्री एवढे मिळाले, तर मुला-मुलींना घर्षण, ज्वलन आणि विद्युत्प्रवाह निराळे शिकवावे लागणार नाहीत. भंगारात जाणारे एक इंजिन शाळेला मिळवून देणे गावातल्या कोणाही चार माणसांना अवघड नाही.