शोधचौकटीतला मोल्सवर्थ

द्विभाषी कोशांचा इतिहास लिहिताना आपले अभ्यासक कोशकारांची चरित्रे सांगतात, आणि ते योग्यच आहे. परंतु वाचकाचा हात कोशापर्यंत कसकसा पोचत गेला, हाही त्या इतिहासाचाच भाग होय. त्याकडे अद्याप पुरेसे लक्ष गेलेले नाही, असे आम्हांस वाटते.

विल्यम कॅरे यांचा मराठी-इंग्रजी कोश १८१० साली सेरामपुरास छापला गेला. त्यातील मराठी शब्द मोडी टंकात होते. पुढे मोल्सवर्थ यांनी जॉर्ज व थॉमस कँडी या बंधूंच्या आणि मराठी पंडितांच्या साह्याने केलेला कोश १८३१ साली निघाला, व त्याची बरीच वाढविलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली मुंबईस प्रसिद्ध झाली. नऊशेंहून अधिक पृष्ठांचा हा ग्रंथ आहे. इकडे आसगावचे मोन्सेन्योर सेबास्तियांव रोदोल्फ दाल्गाद यांनी १८९३ साली कोंकणी-पोर्तुगेज कोश मुंबईत छापविला, आणि १९०५ साली पोर्तुगेज-कोंकणी कोश लिस्बनहून काढला. ही थोर कामे झाली. पण असा ग्रंथ बाळगणे म्हणजे एक तर पदरी पैसा हवा किंवा गावात चांगले ग्रंथालय हवे. इंदूर-बडोद्यास ते होते. खानापूर किंवा पेडण्याच्या वाचकाने काय करावे?

शिकागो विद्यापीठाने दक्षिण आशियाई भाषांच्या कोशांचा जो संगणकीय संग्रह उभा केला, त्यात १८५७ चा मोल्सवर्थ, दाते-कर्वे मंडळींचा महाराष्ट्र शब्दकोश आणि तुळपुळे-फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोश हे सारे आले. येथे एक भेद ध्यानात ठेवावा. पानाचे छायाचित्र निराळे आणि टंकलिखित पाठ निराळा. छायाचित्र वाचता येते, पण त्याला शब्द विचारता येत नाही. शिकागोच्या संग्रहाचे मोल या दुसऱ्या प्रकारात आहे.

तरीही दर शब्दासाठी त्या संकेतस्थळी जावे, चौकट शोधावी, शब्द लिहावा, हा खटाटोप राहिलाच. तो कमी केला ब्राउझरच्या शोधचौकटीने. ॲपल कंपनीने १९९८ साली ‘शेरलॉक’ नावाची सोय आपल्या संगणकांत दिली. तिच्यासाठी लिहिलेल्या छोट्या फायलींचा नमुना मोझिलाच्या कार्यकर्त्यांनी उचलला. ‘मायक्रॉफ्ट’ नावाच्या उपक्रमात स्वयंसेवकांनी अशा फायली जमविल्या. (शेरलॉक होम्सच्या वडील भावाचे नाव देण्यातला विनोद वाचकांच्या ध्यानी येईलच.) २००४ च्या नोव्हेंबरात फायरफॉक्सची पहिली आवृत्ती आली तेव्हा पत्त्याच्या उजवीकडे ही लहानशी चौकट होती, आणि तिच्या यादीत हवा तो कोश घालता येई. २००५ साली ॲमेझॉनच्या ‘ए-नाइन’ या शाखेने ‘ओपनसर्च’ हा मसुदा मांडला. २००६ मध्ये फायरफॉक्स २ आणि इंटरनेट एक्सप्लोरर ७ या दोघांनी तो स्वीकारला. फाईल अगदी साधी असते : कोशाचे नाव, त्याचा पत्ता, आणि पत्त्यात शब्द कोठे बसवावयाचा त्याची खूण. आपण ‘शब्द’ असे लिहिले की त्यातील चार सांकेतिक अक्षरांचे (श, ब, हलन्ताचे चिन्ह, द) बारा बाइट होतात आणि पत्त्यात त्यांची छत्तीस चिन्हांची माळ जाते. वाचकाला यातले काही दिसत नाही.

खरी अडचण पुढे आहे, आणि ती यंत्राची नसून भाषेची आहे. मोल्सवर्थमध्ये क्रियापद ‘करणें’ असे अनुस्वारासह आहे. ‘गांव’, ‘नांव’ हेही तसेच. १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांनी हे अनुच्चारित अनुस्वार गेले. ज्या शोधयंत्रास अक्षरशः जुळणी लागते, त्याला ‘गाव’ विचारले तर ‘गांव’ सापडावयाचे नाही. दुसरे असे की आपण वाचतो ते ‘पाण्याने’, आणि कोशात असते ‘पाणी’. सामान्यरूप मागे सारून मूळ शब्दाशी जाणे हे जुन्या शाळामास्तराने शिकविलेले कसब. चौकटीला ते आपोआप येत नाही. कागदी कोशात डोळा आपसुक शेजारच्या शब्दावर जाई आणि चूक सावरली जाई. कोंकणीचे दुखणे तर आणखी अवघड. देवनागरी, रोमी, कन्नड, मल्याळम अशा लिप्यांत एकच शब्द वावरतो. १९८७ च्या कायद्याने गोव्यात देवनागरी कोंकणी राजभाषा झाली खरी. पण आजीच्या रोमी प्रार्थनापुस्तकातला शब्द देवनागरी कोशाला विचारावयाचा तर आधी लिप्यंतर करावे लागते, आणि रोमी लेखनात ‘त’ आणि ‘ट’ यांतला भेद नेहमी राखला जातोच असे नाही. अशा जागी कोश मुका ठरतो आणि शब्द त्या पिढीबरोबर जातो. हे नुकसान आम्हांस लहान वाटत नाही.

इतक्यात चौकटच आक्रसू लागली. गूगलच्या क्रोमने २००८ सालीच पत्ता आणि शोध एका पट्टीत आणले होते; २०१७ च्या नोव्हेंबरात फायरफॉक्सनेही नव्या वापरकर्त्यांपुढून वेगळी चौकट काढून घेतली. कारणे सोयीची सांगितली जातात, पण त्या पट्टीतील पहिली जागा ही मोठ्या मोलाची वस्तू आहे, आणि मोझिलाचे बहुतांश उत्पन्न तिच्याच करारांतून येते. कोशाला त्या जागेचे भाडे देणारा कोण?

सुदैवाने मागचे दार उघडे आहे. दोन्ही ब्राउझरांत आजही कोशाच्या पत्त्याला एखादे अक्षर, समजा ‘को’, नेमून देता येते. मग पट्टीत ‘को’, एक रिकामी जागा आणि शब्द लिहिला की कोश उघडतो. संकेतस्थळाचा पत्ता बदलला की हे जोडकाम तुटते व पुन्हा करावे लागते. म्हणून ज्या वाचनालयांत संगणक ठेवलेले आहेत, तेथील ग्रंथपालांनी सहामाहीतून एकदा मोल्सवर्थला एखादा शब्द विचारून पाहावा, आणि तो ‘करणें’ असाच, अनुस्वारासह विचारावा.